मासेमारीच्या साधनांतील सामग्री, घडण आणि गुणवत्ता : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मासेमारीच्या साधनांविषयी सामान्यतः दोन प्रकारे लिहिले जाते. आदिवासी जीवनाच्या अभ्यासात बांबूचे सापळे, जाळी आणि गळ यांची यादी येते व ही साधने ‘पारंपरिक’ आणि ‘पर्यावरणपूरक’ आहेत एवढे नोंदवून लेखन पुढच्या विषयाकडे वळते. दुसरीकडे विक्रेत्यांची माहितीपत्रके असतात. गळाच्या काठीला बसवावयाच्या रिळाचे वर्णन त्यांत ‘विमानासाठी वापरतात त्या दर्जाचे ॲल्युमिनियम’, ‘कार्बनयुक्त सांगाडा’, ‘दहा बेअरिंग’ अशा शब्दांत केलेले असते. वरवर पाहता या दोन लेखनप्रकारांत काहीच साम्य नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी एक समान गृहीतक आहे. साधन कशाचे बनले आहे हे सांगितले की ते कसे आहे हेही सांगून झाले, असे दोन्हीकडे मानले जाते. बांबूचे म्हणून चांगले किंवा बांबूचे म्हणून मागासलेले. धातूचे म्हणून टिकाऊ किंवा प्लॅस्टिकचे म्हणून हलके, हे सर्व निवाडे एकाच जातीचे आहेत.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी कारखान्यात तयार होणारे रीळ आणि हाताने विणला जाणारा बांबूचा सापळा ही दोन अगदी भिन्न साधने निवडली आहेत. गुणवत्ता हा सामग्रीचा अंगभूत गुणधर्म नाही. सामग्री, घडणीची पद्धत, ज्या पाण्यात साधन वापरावयाचे ते पाणी आणि साधन मोडल्यावर ते पुन्हा उभे करणारा हात, या चार घटकांच्या परस्परसंबंधातून ती निर्माण होते, अशी येथील मांडणी आहे. यांपैकी चौथा घटक गुणवत्तेच्या बहुतेक चर्चांतून वगळला जातो. त्याच्या वगळण्यामुळे कोणते साधन ‘सुधारलेले’ आणि कोणते ‘मागासलेले’ ठरते, हा या चिकित्सेचा मुख्य विषय आहे.

परिसर आणि दोन प्रकारचे पाणी

शहापूर व मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतरही ठाणे जिल्ह्यातच राहिले. काळू, शाई, भातसा आणि तानसा या येथील प्रमुख नद्या. भातसा ही काळूला आणि काळू ही उल्हास नदीला मिळते. तानसा वैतरणेच्या खोऱ्यातील आहे. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे आणि उन्हाळ्यात डोहांपुरते उरणारे पाणी हे या नद्यांचे मूळ रूप. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या येथील आदिवासी समाजांची मासेमारी या रूपाशी जुळलेली होती. पहिल्या पावसात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध ओहोळांत आणि भातखाचरांत चढणारे मासे, म्हणजे चढणीचे किंवा वलगणीचे मासे, हा त्या मासेमारीचा सर्वांत भरघोस हंगाम.

या वाहत्या पाण्याच्या शेजारी गेल्या सव्वाशे वर्षांहून अधिक काळात दुसऱ्या प्रकारचे पाणी तयार झाले. १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणेवरील मोडकसागर, १९७२ मध्ये बारवी, १९८० च्या दशकात भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी धरणे या दोन तालुक्यांत व त्यांच्या सीमांवर उभी राहिली. मुंबई आणि ठाणे पट्ट्यातील शहरांची व उद्योगांची तहान त्यांतून भागते. धरणामागील पाणी खोल, स्थिर आणि विस्तीर्ण असते. त्यातील माशांची रचनाही वेगळी होते. कटला, रोहू, मृगळ यांसारखे बाहेरून सोडलेले मासे जलाशयांत वाढतात. ओहोळाच्या तोंडाशी लावलेला सापळा अशा पाण्यात निरुपयोगी ठरतो. तेथे लांबवर फेकता येणारा गळ किंवा नायलॉनचे जाळे लागते. त्यामुळे या परिसरात एकाच दिवशी, काही किलोमीटरच्या अंतरात, एकीकडे विणलेला सापळा आणि दुसरीकडे शहरातून आलेल्या हौशी गळवाल्याचे परदेशी रीळ दिसू शकते. साधनांच्या गुणवत्तेची तुलना करण्यास याहून योग्य भूमी मिळणे कठीण.

रीळ : सामग्रीचा इतिहास

मराठी वाचकाला रिळाचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे पतंगाची फिरकी. आसाभोवती फिरणारे रूळ, त्यावर गुंडाळलेला दोरा आणि फिरविणारा हात एवढीच तिची रचना. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील लाकडी रिळे याच तत्त्वावर चालत. लाकूड हलके आणि कातण्यास सोपे. पण भिजले की फुगते आणि वाळताना वाकते. म्हणून त्यांच्या पाठीवर पितळी पट्ट्यांचा आधार बसविला जाई. पितळ वाकत नाही, परंतु पाण्याच्या सुमारे साडेआठ पट जड असते. १८८६ मध्ये विद्युत-विच्छेदनाने ॲल्युमिनियम काढण्याची पद्धत सापडली आणि पुढे हा धातू स्वस्त झाल्यावर हलकेपणा व ताठपणा एकत्र आणणे शक्य झाले. १८९१ मध्ये हार्डी या इंग्लिश पेढीने बाजारात आणलेल्या ‘परफेक्ट’ रिळात बॉल बेअरिंगचा वापर झाला.

रचनेतील मोठा बदल मात्र धातूमुळे घडला नाही. १९०५ मध्ये ब्रॅडफर्डच्या लोकर-कापड व्यवसायातील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी स्थिर रिळाचे पेटंट घेतले. कापड गिरणीत बॉबिन न फिरता तिच्या टोकावरून सूत सुटत जाते, हे तत्त्व त्यांनी गळाच्या दोऱ्याला लावले. रूळ स्थिर राहिल्याने हलके आमिषही दूर फेकता येऊ लागले. स्वीडनमधील आबू ही पेढी १९२१ मध्ये घड्याळाच्या कारखान्यातून सुरू झाली, टॅक्सीचे मीटर तयार करू लागली आणि त्यानंतर रिळांकडे वळली. जपानच्या साकाई शहरात १९२१ मध्येच सुरू झालेली शिमानो ही पेढी सायकलची फ्रीव्हील बनवीत असे. थंड धातू दाबून घडविण्याचे कौशल्य तिने सायकलच्या भागांसाठी मिळविले आणि १९७० मध्ये ती रिळांच्या व्यवसायात उतरली. या तिन्ही उदाहरणांत रिळाची प्रगती नव्या धातूच्या शोधातून झालेली नाही. दुसऱ्या उद्योगातील घडणीचे ज्ञान मासेमारीच्या साधनात आल्याने ती झाली आहे.

घडण : एकच धातू, तीन परिणाम

‘ॲल्युमिनियमचे रीळ’ या वर्णनातून फार थोडे कळते. वितळलेला धातू मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरला की ओतीव भाग तयार होतो. या पद्धतीत एका साच्यातून हजारो भाग निघतात, भिंती पातळ ठेवता येतात आणि खर्च कमी येतो. परंतु साच्यात अडकलेल्या वायूमुळे भागाच्या आत सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात आणि ताण आला की तडा तेथून सुरू होतो. धातू ठोकून किंवा दाबून घडविला तर त्याची अंतर्गत कणरचना आकाराच्या दिशेने वळते आणि भाग अधिक चिवट होतो. अखंड ठोकळा संगणकनियंत्रित यंत्रावर कातला तर मापे काटेकोर येतात, पण पुष्कळसा धातू किस म्हणून वाया जातो. तिन्ही भाग एकाच धातूचे, प्रसंगी दिसायलाही सारखे. रिळाची आयुमर्यादा मात्र सारखी नसते.

घडणीचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो दंतचक्रांत. स्थिर रिळात मुठीचा एक फेरा सामान्यतः पाच फेऱ्यांच्या आसपास वाढवून, काटकोनात वळवून, दोरा गुंडाळणाऱ्या भागाकडे नेला जातो. स्वस्त रिळांत मोठे दंतचक्र बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असते. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला, तर ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. म्हणून जस्त ओतणे सोपे आणि साच्याला कमी झिजविणारे. सोपे ओतकाम हा येथे उत्पादकाचा लाभ आहे, वापरणाऱ्याचा नव्हे. मऊ दात भाराखाली झिजतात आणि काही काळाने मूठ फिरविताना खरखर जाणवू लागते.

यावरून जस्त हा हलक्या प्रतीचा धातू ठरत नाही. शहापूर तालुक्यातीलच वासिंद येथील मोठ्या कारखान्यात पोलादी पत्र्यावर जस्ताचा थर चढविला जातो. तेथे जस्त स्वतः झिजून पोलाद वाचविते आणि कोकणच्या पावसात टिकणारे छप्पर देते. पत्र्यावर झिजणे हाच त्याचा गुण. दंतचक्रात झिजणे हाच त्याचा दोष. एकाच तालुक्यात, एकाच धातूचे हे दोन निवाडे ‘सामग्री म्हणजे गुणवत्ता’ या गृहीतकाला पुरेसे उत्तर देतात.

प्लॅस्टिकबाबतही हेच दिसते. काचतंतू किंवा कार्बनतंतू मिसळलेल्या नायलॉनचा सांगाडा गंजत नाही व हलका असतो. परंतु तो धातूपेक्षा अधिक लवतो. मोठा मासा ओढताना सांगाडा किंचित लवला की दंतचक्रांमधील अंतर बदलते आणि उत्तम कातलेले दातही तिरपे बसून झिजतात. त्यामुळे महागडी चक्रे आणि लवचीक सांगाडा यांची जोडी ही साधी चक्रे आणि ताठ सांगाडा यांच्यापेक्षा वाईट ठरू शकते. एका भागाची सुधारणा दुसऱ्या भागाला मोडू शकते, याचे इतिहासातील उदाहरण नायलॉनच्या दोऱ्याचे आहे. १९३८ मध्ये जाहीर झालेल्या नायलॉनचा एकतंतू दोरा पुढे गळासाठी वापरात आला. तो ताणला जातो आणि ताणलेल्या स्थितीत गुंडाळला की पूर्ववत होताना रुळाला आवळतो. आधीच्या दोऱ्यांसाठी पुरेसे असलेले ठिसूळ प्लॅस्टिकचे रूळ या आवळण्याने फुटू लागले. त्या रुळांत नवा दोष निर्माण झाला नव्हता. त्यांच्या भोवतीची सामग्री बदलली होती.

पाण्याच्या कसोटीवर रीळ

माहितीपत्रकातील अनेक विशेष खाऱ्या पाण्यासाठी योजलेले असतात. ॲल्युमिनियमवर विद्युत-रासायनिक पद्धतीने चढविलेला ऑक्साइडचा कठीण थर, गंजरोधक पोलादाची बेअरिंग, दोन भिन्न धातू एकमेकांस लागू नयेत म्हणून केलेली योजना, या सर्वांचे महत्त्व समुद्रावर निर्विवाद आहे. खारे पाणी विद्युतवाहक असल्याने ॲल्युमिनियमच्या सांगाड्यातील पोलादी स्क्रूभोवती झीज वेगाने होते. भातसा किंवा बारवीच्या गोड्या पाण्यात ही झीज पुष्कळ मंद असते. येथील साधनाचे शत्रू वेगळे आहेत. पावसाळ्यातील तांबडा गाळ, बेसाल्टच्या झिजेतून आलेले बारीक कण आणि चार महिन्यांची दमट हवा हे ते शत्रू होत.

या शत्रूंपुढे बेअरिंगच्या संख्येचा निकष फसवा ठरतो. उघड्या बॉल बेअरिंगमध्ये वाळूचा कण शिरला तर गोळ्यांचा मार्ग खरवडला जातो. साधा कांस्य धातूचा बुश तितका गुळगुळीत फिरत नाही, परंतु काही प्रमाणात घाण सहन करतो आणि तेलाच्या थेंबाने पुन्हा चालू होतो. म्हणजे दहा उघडी बेअरिंग असलेल्या रिळापेक्षा दोन बंदिस्त बेअरिंग आणि दोन-तीन बुश असलेले रीळ या पाण्यात अधिक चांगले चालू शकते. संख्या छापण्यास सोयीची असते; बेअरिंगच्या कडेची रबरी चकती छायाचित्रात दिसत नाही.

ताणाचे नियमन करणाऱ्या भागाबाबतही असेच आहे. मासा ओढू लागला की दोरा तुटण्यापूर्वी रुळाने घसरून थोडा दोरा सोडावा, हे या भागाचे काम. दोऱ्याच्या तुटण्याच्या मर्यादेच्या सुमारे पाव ते एक तृतीयांश ताणावर तो सुटावा, असा गळवाल्यांचा संकेत आहे. येथे किती किलो ताण सहन होतो हा आकडा दुय्यम असतो. चकत्या स्थिर असतानाचे घर्षण आणि सरकू लागल्यावरचे घर्षण यांतील फरक किती कमी आहे, हे महत्त्वाचे. हा फरक मोठा असेल तर रूळ झटक्याने सुटते आणि दोरा नेमका त्या झटक्यात तुटतो. तेल लावलेल्या नमद्याच्या चकत्या आणि कार्बनतंतूंच्या चकत्या दोन्ही चांगल्या चालतात. पण नमदा दमट हवेत दाबून ठेवला तर बसका होतो आणि म्हणून हंगाम संपल्यावर तो सैल करून ठेवावा लागतो. गुणवत्तेचा हा अंश कारखान्यात तयार होत नाही, वापरणाऱ्याच्या सवयीत तयार होतो.

बांबूचा सापळा : न लिहिलेली मापे

याच निकषांवर बांबूचा सापळा तपासला तर त्याचे ‘साधेपण’ टिकत नाही. बांबूच्या कांबीत बाहेरील सालीकडे तंतू दाट आणि आतील बाजूस विरळ असतात. त्यामुळे कामटी कोणत्या बाजूने तासली, किती साल राखली आणि साल पाण्याकडे ठेवली की आत, यांवर तिचा चिवटपणा ठरतो. कोवळा बांबू वाकतो पण लवकर सडतो आणि किडतो; जून बांबू टिकतो पण चिरताना फाटतो. पेराजवळ तंतूंची सरळ रेघ मोडते, म्हणून लांब पेरांचा बांबू निवडावा लागतो. भुंगेरे बांबूतील पिष्टमय अंशावर जगतात. पिष्टांश कमी असताना बांबू तोडणे, तो पाण्यात भिजवून ठेवणे आणि तयार वस्तू चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवणे, ही सर्व सामग्रीवरील प्रक्रियाच आहे. कारखान्यात तिला रासायनिक संस्करण म्हणतात. झोपडीत तिला नाव नसते.

सापळ्याचे हृदय त्याच्या घशात असते. तोंडातून आत वळलेल्या, टोकाशी निमुळत्या कामट्यांचे वर्तुळ माशाला आत जाऊ देते आणि बाहेर येऊ देत नाही. कामट्या जास्त ताठ असतील तर मासा आत शिरत नाही. जास्त लवचीक असतील तर परत निघून जातो. या दोहोंमधील लवचीकतेचे माप कोठेही लिहिलेले नसते. ते तासणाऱ्याच्या अंगठ्यात असते. दोन कामट्यांमधील फट किती ठेवावयाची यावर कोणत्या आकाराचा मासा अडकेल आणि कोणता निसटेल हे ठरते. रिळाच्या दंतचक्रातील अचूकतेचा आणि या फटीतील अचूकतेचा प्रश्न तात्त्विकदृष्ट्या एकच आहे. फरक एवढाच, की एका ठिकाणी अचूकता साच्यात बंदिस्त आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती प्रत्येक वेळी नव्याने साधावी लागते.

इंग्लिश कारागीर व विचारवंत डेव्हिड पाय यांनी १९६८ मधील आपल्या ग्रंथात कारागिरीचे दोन प्रकार मांडले. पहिल्या प्रकारात वस्तू पूर्ण होईपर्यंत तिची गुणवत्ता हाताच्या कौशल्यावर आणि निर्णयावर अवलंबून, म्हणून सतत धोक्यात असते. दुसऱ्या प्रकारात उत्पादन सुरू होण्यापूर्वीच परिणाम निश्चित झालेला असतो. बांबूचा सापळा ही जोखमीची कारागिरी आणि ओतीव रीळ ही निश्चितीची. या भेदात उच्चनीच भाव नाही, कारण निश्चितीच्या कारागिरीतील साचा मुळात कुणाच्या तरी जोखमीच्या कारागिरीतूनच निर्माण होतो. तथापि या मांडणीचा भर वस्तू तयार होण्याच्या क्षणावर आहे. शहापूर-मुरबाडसारख्या परिसरात वस्तूचे खरे मूल्यमापन होते ते ती मोडते त्या क्षणी.

मोडणे आणि दुरुस्त होणे

सापळ्याची कामटी तुटली तर ती कामटी बदलता येते. बदलणारा माणूस बहुधा विणणाराच असतो, किंवा त्याच पाड्यातील दुसरा कुणी. त्याला कोयता, बांबू आणि अर्धा दिवस लागतो. रिळाचे लहान दंतचक्र झिजले तर तोच नमुना, त्याच वर्षीचा भाग लागतो. असा सुटा भाग तालुक्याच्या बाजारात सहसा मिळत नाही आणि मिळाला तरी स्वस्त रिळाच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च नव्या रिळाच्या किमतीजवळ जातो. परिणामी एका इंचाच्या भागासाठी संपूर्ण यंत्र अडगळीत पडते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत दंतचक्र कातू शकणारी यंत्रे व कामगार आहेत. परंतु एका रिळासाठी एक चक्र कातणे परवडत नाही. कौशल्य शेजारी असूनही साधनापर्यंत पोहोचत नाही, कारण ते साधन दुरुस्त व्हावे अशा रीतीने घडविलेलेच नाही.

या दोन टोकांच्या मधले एक साधन ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र आढळते आणि अभ्यासकांच्या यादीत मात्र क्वचितच येते. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीवर किंवा पत्र्याच्या डब्यावर गुंडाळलेला नायलॉनचा दोरा, टोकाला शिशाचे वजन आणि गरी. एका हाताने वजन भोवंडून फेकले की बाटलीच्या टोकावरून दोरा सुटत जातो. हे इलिंगवर्थ यांचेच तत्त्व आहे. रूळ स्थिर, दोरा टोकावरून मोकळा. दंतचक्राचे काम मनगट करते आणि ताणनियमनाचे काम बोटे करतात. मोठा मासा लागला तर दोरा बोट कापतो, ही या साधनाची मर्यादा. सर्व भाग कोणत्याही किराणा दुकानात व टपरीवर मिळतात, हे त्याचे बळ. हे साधन बांबूचे नाही म्हणून त्याला ‘पारंपरिक’ म्हणता येत नाही आणि कारखान्यातून आलेले नाही म्हणून ‘आधुनिक’ही म्हणता येत नाही. वर्गीकरणात न बसणारी वस्तू बहुधा वर्गीकरणाचाच दोष दाखवीत असते.

दोन आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की रीळ हे हौसेचे आणि सापळा हे उपजीविकेचे साधन असल्याने त्यांची तुलनाच अप्रस्तुत आहे. हौशी गळवाल्याला झुंजीचा आनंद हवा असतो, अनेकदा तो मासा परतही सोडतो. सापळा लावणाऱ्याला संध्याकाळचे कालवण हवे असते. हा भेद खरा आहे. परंतु त्यातून उलटाच निष्कर्ष निघतो. उपयोग इतके भिन्न असतील तर दोहोंना एकाच शिडीवर, खाली सापळा व वर रीळ असे उभे करण्याचा आधारच उरत नाही. ‘सुधारित साधने’ या नावाखाली खरेदीचे प्रस्ताव लिहिताना ही शिडी नकळत गृहीत धरली जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुरुस्तीच्या निकषाने बांबूच्या साधनाचे उदात्तीकरण होते, असे म्हणता येईल. येथे सापळ्याच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे. चढणीच्या हंगामात अंडी घालण्यास निघालेले मासे अडकविणारा सापळा, फट अरुंद असेल तर, पुढील वर्षाच्या मासळीवर घाला घालतो. पूर्वी ओहोळ पुष्कळ आणि सापळे मोजके असताना हे खपून जात असे. आता नदीचे पात्र अडलेले असताना तेच साधन अधिक हानिकारक ठरू शकते. साधन बदललेले नाही, पाणी बदलले आहे. रुळाला आवळणाऱ्या नायलॉनच्या दोऱ्याचाच हा दुसरा अवतार होय. शिवाय जलाशयाच्या खोल पाण्यात सापळा चालत नाही ही वस्तुस्थिती कोणत्याही गौरवाने झाकता येत नाही. तेथे नायलॉनचे जाळे लागते. आणि ते जाळे पाण्यात हरवले तर न कुजता मासे मारीत राहते, हा दोष सापळ्यात नाही.

सामग्री मिळण्याचा हक्क हाही गुणवत्तेचाच भाग आहे. तानसा अभयारण्य १९७० पासून अस्तित्वात आहे आणि जंगलातील बांबूवर वन विभागाचे नियंत्रण राहिले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले आणि २०१७ च्या दुरुस्तीने वनेतर जमिनीवरील बांबू ‘वृक्ष’ या कायदेशीर व्याख्येतून वगळला. कायद्यातील हे बदल प्रत्यक्षात पाड्यापर्यंत पोहोचले तरच विणणाऱ्याला योग्य वयाचा, लांब पेराचा बांबू निवडता येईल. मिळेल तो बांबू वापरावा लागला तर उत्तम हातही उत्तम सापळा विणू शकत नाही. मग वाईट सापळा पाहून ‘पारंपरिक साधन टिकत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि सामग्रीच्या टंचाईचा दोष कौशल्याच्या माथी येतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. सामग्रीचे नाव हा गुणवत्तेचा पुरावा नाही. जस्त पत्र्यावर उत्तम आणि दंतचक्रात दुबळे असते. एकच ॲल्युमिनियम ओतीव, घडीव व कातीव रूपांत वेगळे वागते.

२. साधनाचा प्रत्येक भाग इतर भागांच्या संदर्भात चांगला किंवा वाईट ठरतो. एखादा भाग महाग केल्याने संपूर्ण साधन सुधारतेच असे नाही.

३. गुणवत्ता पाण्याशी बांधलेली असते. समुद्रासाठी योजलेले विशेष भातसेच्या गाळात निरर्थक ठरू शकतात आणि ओहोळासाठी विणलेला सापळा जलाशयात निकामी होतो.

४. दुरुस्तीची शक्यता हा गुणवत्तेचा निकष मानला पाहिजे. साधन कोठे मोडते, ते कोण दुरुस्त करू शकतो आणि त्यासाठीची सामग्री कुणाच्या ताब्यात आहे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय साधनांची तुलना पूर्ण होत नाही.

या निष्कर्षांचा अध्यापनाशी थेट संबंध आहे. या दोन तालुक्यांतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी सापळा विणणारे हात अद्याप आहेत. क्षेत्र-अभ्यासाच्या वहीत साधनाचे नाव व छायाचित्र येते. कामटीची जाडी, दोन कामट्यांमधील फट, घशाची लांबी, बांबूचे वय आणि तोडणीचा महिना येत नाही. रिळाच्या दंतचक्राची मापे कारखान्याच्या आराखड्यात सुरक्षित आहेत. सापळ्याची मापे एका पिढीच्या अंगठ्यात आहेत आणि ती पिढी वृद्ध होत आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने कामटीची लवचीकता मोजावी, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने बांबूची जात ओळखावी आणि मराठीच्या विद्यार्थ्याने प्रत्येक भागाचे पाड्यावरील नाव टिपावे, एवढे काम तालुक्याच्या महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे. विणणारा समोर असतानाच ते करता येते.